ट्रंक सिस्टर्समधली अंबक्का

अंबक्काला मी पाहिलं नंतर. आधी ऐकलं, आणि ऐकताक्षणी खुर्चीतून उठून उभी राहिले.

म्हैसूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या ऑफिसात, ऑपरेटर म्हणून माझा तो पहिला दिवस होता. लांबलचक बोर्डासमोर बायका ओळीनं बसलेल्या, सगळ्यांच्या कानांवर हेडफोन, हातात वायरी, आणि सगळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या गावांशी बोलत होत्या. मी भांबावून बसले होते. तेवढ्यात पाठीमागून मराठीत प्रश्न आला, "देशपांडे म्हणजे आपल्यातलीच की. डबा आणलास का?" आवाज इतका भरदार, इतका खर्जातला, की साक्षात सुपरिंटेंडेंटच मागे येऊन उभे राहिलेत असं मला वाटलं. मी उठून "येस सर" म्हणाले आणि वळले. मागे साहेब नव्हते. माझ्या खांद्याला लागेल एवढी एक किडकिडीत बाई उभी होती. नाकात मोरणी, अंबाड्यावर मल्लिगेचा गजरा आणि हातात चित्रान्नाचा डबा.

"सर सगळेच म्हणतात," ती म्हणाली. "तू अक्का म्हण. बस, खाऊन घे सुम्ने."

सुम्ने म्हणजे उगाच, सहज. आमच्या म्हैसुरी मराठीत असले कानडी शब्द फोडणीतल्या मोहरीसारखे पडलेले असतात. वेचून काढायला गेलं तर पोह्यांत काही उरत नाही. माझ्या घरी वडील शिक्षक असल्यामुळे जरा पुस्तकी मराठी चालायची. अंबक्काच्या घरी मात्र वाक्य मराठीत निघायचं, मध्येच कानडीत उतरून चहा प्यायचं आणि मग हवं असेल तर परत यायचं.

तिचं पूर्ण नाव अंबुजा माने. तिचे पूर्वज कुठल्याशा सरदाराबरोबर घोड्यांवर बसून म्हैसूरच्या फौजेत आले आणि परत जायचं विसरले. तिच्या लहानपणी घोडे तर सोडाच, त्यांची नालसुद्धा घरात उरली नव्हती. वडील एका साबणाच्या दुकानात हिशेब लिहायचे. ते म्हणत, आमच्या पणजोबांचा फक्त आवाज वारशात राहिला, आणि तोही चुकून मुलीला गेला.

त्या आवाजानं तिची लहानपणापासून पंचाईत केली होती. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी तिला सांगून टाकलं होतं, की तू नुसते ओठ हलव, तुझ्यामुळे बाकीच्या मुलींचा सूर बुडतो. तिनं दहावीपर्यंत इमानानं ओठ हलवले. घरी पाहुणे आले की आई तिला कॉफी घेऊन पाठवायची, पण आधी बजावायची की मान हलव, बोलू नको. हे सगळं अंबक्का आम्हाला अशा थंडपणानं सांगायची, जणू दुसऱ्याच कुणाची लाइन चुकून तिच्या बोर्डावर लागली होती.

तिच्या लग्नाची गोष्ट तर एक्स्चेंजमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगितली जायची. शिवमोग्ग्याहून एक स्थळ आलं होतं. पत्रिका जुळल्या, फोटो पसंत पडला, आणि मुलाच्या वडिलांनी मान्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. शेजाऱ्यांनी निरोप दिला तेव्हा वडील दुकानात होते, म्हणून फोन घ्यायला अंबक्का गेली. तिनं "हलो" म्हटलं. पलीकडून तिला कुणी श्वासही घेऊ दिला नाही. व्याही होऊ घातलेल्या त्या गृहस्थांना वाटलं, मुलीचे वडीलच बोलताहेत. माणूस मनानं सरळ असावा. ते म्हणाले, मानेसाहेब, आपण दोघं बापमाणसं, म्हणून खरं सांगतो. मुलगा नोकरीत टिकत नाही, संध्याकाळी त्याला थोडी घ्यायची सवय आहे, लग्न झालं की सुधारेल असं त्याची आई म्हणते. मुलीला मात्र आत्ताच काही कळू देऊ नका.

अंबक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग ऑपरेटरच्या पद्धतीनं परत म्हणून दाखवलं: "नोकरीत टिकत नाही, संध्याकाळी घेतो, मुलीला सांगायचं नाही. बरोबर?" ते म्हणाले, बरोबर. ती म्हणाली, "मग आमच्याकडून नकार समजा," आणि फोन ठेवला. संध्याकाळी वडील घरी आल्यावर तिनं त्यांना सांगितलं की आज दुपारी तुम्ही एक स्थळ नाकारलंत. वडिलांनी थोडा विचार करून विचारलं, मी नीट बोललो ना त्यांच्याशी?

त्यानंतरही स्थळं आली, पण शिवमोग्ग्याची हकीकत त्यांच्या आधी पोचायची. अंबक्कानं पुढे तो विषयच सोडला. कुणी विचारलं तर "लाइन बिझी आहे" म्हणायची.

परत म्हणून दाखवायची ती सवय तिच्या हाडीमाशी भिनली होती. पंगतीत कुणी मीठ मागितलं तरी ती म्हणायची, "मीठ, डावीकडे, थोडं. बरोबर?" आणि उत्तर आल्याशिवाय वाढायची नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की त्याच्याकडून वदवून घ्यायची. माझी आई गेली तेव्हा ती भेटायला आली. मी रडत रडत काय काय बोलत होते, आणि ती शांतपणे माझं एकेक वाक्य परत म्हणत होती. शेवटी आईला तुझ्या हातची खीर खायची राहिली, असं मी म्हणाले. "खीर राहिली," ती म्हणाली, आणि "बरोबर?" मात्र त्या दिवशी म्हणाली नाही.

आमची तिसरी मैत्रीण म्हणजे फ्लोरी डिसा. ती मंगळूरची, घरात कोंकणी बोलणारी, चर्चच्या गायकवृंदात वाढलेली, उंच, देखणी, आणि एका जागी गप्प बसणं ठाऊक नसलेली. तिची बहीण आखातात नर्स होती. तिनं एकदा टेपरेकॉर्डर पाठवला आणि सोबत अमेरिकेतल्या कुठल्याशा तीन काळ्या बायकांची कॅसेट. फ्लोरीनं तो रेकॉर्डर आमच्या विश्रांतीच्या खोलीत आणला. जेवणानंतर लाइन जरा थंड असायच्या तेव्हा आम्ही ती कॅसेट ऐकायचो. एकजण गाऱ्हाणं मांडायची आणि दोघी तिला उत्तर द्यायच्या. मला ते ऐकून विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका आठवायच्या, एक नवऱ्याबद्दल बोलते आणि बाकीच्या हो ला हो करतात तशा. फ्लोरी म्हणाली, यालाच सोल म्हणतात, हे गाणं पोटातून येतं.

आम्ही दोघी गायला लागलो. फ्लोरी वरची ओळ घ्यायची, मी मधली. बरं वाटायचं, पण काहीतरी अधांतरी राहायचं. एके दिवशी कोपऱ्यात गजरा ओवत बसलेल्या अंबक्काच्या बाजूनं एक स्वर आला. शब्द नव्हते, नुसतं "हूं" होतं, पण आमच्या अधांतरी पायांखाली कुणीतरी जमीन आणून ठेवल्यासारखं झालं. फ्लोरी गाता गाता थांबली. अंबक्का लगेच म्हणाली, "सॉरी मा, चुकून निघालं." आम्ही तिला गजऱ्यासकट उचलून मध्ये आणून बसवलं.

तेव्हापासून आम्ही तिघी. फ्लोरीच्या मनात 'थ्री रोझेस' असं नाव होतं. अंबक्का म्हणाली, मला बघून गुलाब कोण म्हणेल, नाव खरं ठेवा. मग 'ट्रंक सिस्टर्स' ठरलं. गाणीही आमची आम्हीच करायची ठरली. चाल फ्लोरीची, शब्द कानडी, आणि ते बहुतेक अंबक्काचे. तिनं कविता कधी वाचली नव्हती, पण रोज शेकडो माणसांचं बोलणं कानांवरून जायचं. त्या काळी परगावी फोन करायचा तर आमच्याकडे कॉल नोंदवावा लागे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येऊन सांगायची, मूरु निमिष आय्तु, तीन मिनिटं झाली, पुढे बोलायचं का? अंबक्कानं त्याचंच गाणं केलं. फ्लोरी दूरच्या प्रियकराला आळवत असते, गळा भरून आलेला असतो, आता ती मनातलं खरं सांगणार, एवढ्यात खालून अंबक्काचा आवाज येतो: "मूरु निमिष आय्तु." बिचारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. दर कडव्याला ती त्याच जागी अडकते.

आम्ही ते एक्स्चेंजच्या वार्षिक समारंभात म्हटलं. सुपरिंटेंडेंट साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांनीच त्यांच्या ओळखीच्या एका रेकॉर्डिंगवाल्याला सांगितलं, आणि अशा रीतीनं म्हैसूरच्या तीन टेलिफोन ऑपरेटर स्टुडिओत पोचल्या.

स्टुडिओ म्हणजे सरस्वतीपुरमात नंजुंडय्या नावाच्या गृहस्थांच्या घरामागची खोली. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या. नंजुंडय्या भक्तिगीतांच्या कॅसेट काढायचे. माणूस सज्जन, कपाळावर ठसठशीत गंध, आणि नव्या गोष्टींची आवड अशी की आधी आवडायच्या आणि मग भीती वाटायची. सोल म्हणजे काय हे फ्लोरीनं त्यांना समजावलं. त्यात पितळी वाद्यं लागतात हे कळल्यावर त्यांनी लग्नाच्या बँडमधले तिघे बोलावले. ते वाजवायचे झकास, पण गाणं संपलं की सवयीनं नवरदेव मांडवात आल्याची तान वाजवून टाकायचे. किती सांगितलं तरी हात थांबायचे नाहीत. शेवटी ती तशीच ठेवली. आजही आमच्या कॅसेटमधलं प्रत्येक विरहगीत लग्न लागल्यासारखं संपतं.

पहिल्या तालमीला अंबक्का गायली आणि नंजुंडय्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी मला बाजूला घेतलं, अंबक्काला तोंडावर सांगायचा धीर होईना. म्हणाले, आवाजाला नाव ठेवत नाही, पण कॅसेट बायकांची आहे. लोक विचारतील हा गंडसु कोण, पुरुष कुठून आला मध्येच? खालची ओळ बंगळुरूची आमच्या नात्यातली मुलगी गाईल, ती शास्त्रीय शिकलेली आहे, सध्या आमच्याकडेच आलीय. तुमच्या अक्का फोटोत राहतीलच की.

मी हे अंबक्काला कसं सांगितलं ते आठवत नाही. बहुधा सांगितलंच नसेल, नुसती घुटमळले असेन. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ओठ हलवायचे ना? बिडु, सोड गं, जमतं मला ते." आणि चप्पल घालून जायच्या ऐवजी ती स्वयंपाकघराकडे गेली. तिथं नंजुंडय्यांच्या वृद्ध आई पावटे सोलत बसल्या होत्या. त्यांना ऐकू येत नसे. घरातलं कुणीही त्यांच्याशी बोलायचं तर अंगणापर्यंत ऐकू जाईल इतकं ओरडायचं. अंबक्का त्यांच्यासमोर बसून पावटे सोलायला लागली.

आत बंगळुरूची मुलगी गात होती. गोड गळा, पण खाली उतरायची वेळ आली की तो पाण्यात पाय बुडवून बघितल्यासारखा मागे यायचा. "मूरु निमिष आय्तु" ती अशा काही नाजूकपणे म्हणायची, की प्रियकराशी बोलणाऱ्या बाईनं अजून तासभर बोलावं. फ्लोरीचा पारा चढत चालला होता. बँडवाले तंबाखू मळत बसले. नंजुंडय्या म्हणाले, पुन्हा एकदा. आणखी पुन्हा एकदा.

तेवढ्यात दार उघडलं. दारात म्हातारी उभी होती, पदरात पावट्याच्या साली. तिनं मुलाला विचारलं, "त्या बाईला बाहेर का बसवलंय?"

नंजुंडय्या ओरडून काहीतरी सांगू लागले. म्हातारीनं हातानं त्यांना थांबवलं. "तिच्याशी मी दुपारभर बोलतेय. ती एकदाही ओरडली नाही आणि मला सगळं कळलं. तिचं लग्न का मोडलं ते कळलं, पावटे महाग झाले ते कळलं. तुझी ती देवाची गाणी मला आजवर एक अक्षर ऐकू आली नाहीत. हिला गाऊ दे."

नंजुंडय्यांनी आतापर्यंत काढलेली प्रत्येक कॅसेट आधी आईला ऐकवली होती. त्यांचा चेहरा पाहवेना. "मग दर वेळी डोळे मिटून छान आहे म्हणायचीस, ते?"

"तुझं तोंड बघून म्हणायचे," म्हातारी म्हणाली, आणि स्टुडिओतल्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीवर बसली.

अंबक्का आत आली. हातांना पावट्यांचा वास होता, ते तिनं पदराला पुसले. माइकपासून तिला बरंच लांब उभं केलं, नाहीतर रेकॉर्डिंगच्या यंत्राची सुई पार टोकाला जायची. गाणं सुरू झालं. फ्लोरी अशी गायली, जशी ती पूर्वी कधी गायली नव्हती. आणि अंबक्काचा आवाज खालून आला तेव्हा म्हातारी मांडीवर हात आपटून ताल धरू लागली. ताल साफ चुकत होता. कुणी तिला थांबवलं नाही. नीट ऐकलं तर तो आवाज कॅसेटमध्ये आहे.

गाणं झाल्यावर नंजुंडय्यांनी ते आम्हाला परत ऐकवलं. सगळे बोलत होते. अंबक्का हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरून उभी होती. एवढी वर्षं हेडफोन घातलेली बाई, पण त्यातून तिनं जगाचे आवाज ऐकले होते, स्वतःचा कधीच नाही. ती पुन्हा लावायला सांगत राहिली. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा ऐकल्यावर तिनं हेडफोन काढला.

"हा माझा?" तिनं मला विचारलं.

मी हो म्हणाले.

"बरा आहे की गं," ती म्हणाली. "मग एवढे सुम्ने घाबरत कशाला होते सगळे?"

कॅसेट निघाली. नाव होतं 'लायनल्ले इरी', म्हणजे लाइनवरच राहा. मुखपृष्ठावर आमचा तिघींचा फोटो, मागे खोटं आकाश. पण छापणाऱ्यानं गडबडीत कानडी अक्षरापुढचं अनुस्वाराचं शून्य खाल्लं आणि ट्रंक सिस्टर्सच्या झाल्या ट्रक सिस्टर्स. फ्लोरी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. अंबक्का म्हणाली, असू दे, ट्रक तर ट्रक, तोही परगावीच जातो. आणि झालं भलतंच. हुणसूर रस्त्यावरच्या टपऱ्यांमधून ट्रकवाल्यांनी ती कॅसेट आपली म्हणून विकत घेतली. आतल्या कागदावर अंबक्काचं नाव 'ए. माने' एवढंच छापलं होतं. त्यांची खात्री होती की ए. माने हा त्यांच्यातलाच कुणी ड्रायव्हर आहे आणि फोटोतल्या तिघी त्याच्या बहिणी.

त्या वर्षी दसऱ्याच्या प्रदर्शनात एका कॅसेटच्या दुकानानं आमचं गाणं कर्ण्यावर लावलं. आम्ही तिघी नव्या साड्या नेसून ऐकायला गेलो. शेजारीच मोठा पाळणा होता. पाळणेवाला परप्रांतातला असावा, पण कामापुरती कानडी त्याला येत असे. कर्ण्यातून दमदार आवाज यायचा, "मूरु निमिष आय्तु", आणि तो प्रदर्शनाच्या साहेबांचा हुकूम समजून पाळणा थांबवायचा. लोक उतरायला लागायचे, नवे बसायचे, पाळणा जेमतेम फिरायला लागायचा की पुढचं कडवं यायचं. आम्ही पोचलो तेव्हा तिथं भांडणच पेटलं होतं. वरच्या पाळण्यात एक जाडजूड कुटुंब अडकलं होतं आणि गृहस्थ वरूनच तिकिटाची रक्कम परत मागत होते. पाळणेवाला हात जोडून म्हणत होता, साहेब सांगताहेत त्याला मी काय करू?

अंबक्का गर्दीतून पुढे गेली. पाळणेवाला उंच ओट्यावर उभा होता, त्याच्या कमरेपर्यंतच येत असेल ती. त्यानं खाली पाहिलंच नाही. ती म्हणाली, "इन्नू आगिल्ला. तिरुगिसप्पा." अजून झाली नाहीत, फिरव बाबा. तोच आवाज. पाळणेवाल्यानं कर्ण्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं आणि पाळणा सुरू केला. आम्ही तिथून निघेपर्यंत तो कुठल्याही हुकुमावर थांबला नाही. ते जाडजूड कुटुंब त्या दिवशी किती फिरलं देव जाणे.

एच. डी. कोटे या जंगलालगतच्या गावातल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगायला हवी. वनखात्याच्या लाकूड डेपोत ते कारकून होते, विधुर, नाव शिवण्णा. म्हैसूरला कॉल नोंदवायचा तर ते बोलायचे आमच्याशी, आणि सगळ्या गिऱ्हाइकांत हा एकच माणूस असा होता की जो अंबक्काला पहिल्या दिवसापासून 'अम्मा' म्हणायचा. बाकी सगळे सर. लाइन लागेपर्यंत दोघं बोलत राहायची. कबिनीच्या धरणाचं पाणी चढलं, हत्ती डेपोत येऊन ओंडके ढकलून गेला, अशा बातम्या अंबक्का आम्हाला सांगायची. कॅसेट आल्यावर शिवण्णा मधाची बाटली घेऊन भेटायला आले.

मी त्या दिवशी बरोबर होते, तिनंच मला नेलं होतं. हॉटेलात आम्ही तिघं बसलो. अंबक्कानं एकच गोष्ट विचारली, की मी बाई आहे हे तुम्हाला कसं कळलं. ते बराच वेळ कॉफी ढवळत राहिले. मग म्हणाले, "पुरुष इतकं ऐकून घेत नाही."

एवढं बोलून दोघं जी गप्प झाली ती झालीच. ते तिच्याकडे पाहायचे आणि पुन्हा कॉफीकडे वळायचे. ती डोशाचे बारीक बारीक तुकडे करत होती. मला वाटलं हे प्रकरण इथंच संपलं. त्यांची बस गेली, आम्ही ड्युटीवर आलो, आणि संध्याकाळी एच. डी. कोट्याचा कॉल आला. दोघं अशी बोलायला लागली की जणू मधला दिवस झालाच नव्हता. ते काय म्हणत होते ते मला कळलं नाही, पण अंबक्का हसत होती, आणि तिचं हसणं म्हणजे जिन्यावरून पिंप गडगडत यावं तसं.

पुढे त्यांनी लग्नाचं विचारलं. तिनं महिनाभर विचार केला आणि नाही म्हणाली. मी चिडले. ती मला समजावत म्हणाली, "अगं, रोज समोरासमोर बसून आम्ही काय बोलणार? आत्ता बोलतो ते तरी राहील." शिवण्णांना ते पटलं असावं, कारण ते फोन करत राहिले. ते असेपर्यंत करत राहिले.

मग लोक घरूनच नंबर फिरवून परगावी बोलायला लागले आणि आमच्या बोर्डासमोरच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. फ्लोरी लग्न करून बहिणीपाठोपाठ आखातात गेली, त्यामुळे दुसरी कॅसेट झाली नाही. मला बिलं बघायला बसवलं. अंबक्काला तक्रारींच्या टेबलावर पाठवलं, आणि ते साहेबांचं सगळ्यात शहाणपणाचं काम. लोक संतापून फोन करायचे, पलीकडून तिचं "हलो, सांगा" ऐकलं की सर, सर करत नरम व्हायचे. ती त्यांची तक्रार परत म्हणून दाखवायची. बऱ्याच लोकांचं तेवढ्यानंच समाधान व्हायचं, फोन बंदच राहिला तरी.

निवृत्त झाल्यावर ती हूटगळ्ळीला भाच्याकडे राहायला गेली. तिकडे नवीन घरं, कारखाने, सगळीकडे विटांचे ढीग. भाच्याच्या मुलांना मराठी जेमतेम कळायची, तिला त्याचं काही वाटायचं नाही. मी वर्षातून एकदा जायचे. शेवटची गेले ती एका दुपारी.

दार उघडंच होतं. आधी भेटली ती शेजारची तरुण मुलगी, साताऱ्याकडची, नवरा जवळच्या कारखान्यात. डोक्यावरचा पदर सावरत ती मला हळू आवाजात, अगदी शुद्ध मराठीत सांगू लागली. ते नवीन राहायला आले तेव्हा भिंतीपलीकडचा आवाज ऐकून तिला वाटलं होतं, या घरात कुणी आजोबा आहेत. म्हणून पंधरा दिवस ती अंगणात येताना तोंडावर पदर घेऊन यायची. एके दिवशी तिनं धीर करून विचारलं, आजोबांची तब्येत कशी आहे? अंबक्का म्हणाली होती, छान आहे, कॉफी घेणार का?

त्या मुलीचं बाळ रात्रंदिवस रडायचं. औषधं झाली, दृष्ट काढून झाली. आता रोज दुपारी ते अंबक्काकडे असे.

मी आतल्या खोलीच्या दारात गेले. अंबक्का खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, आणखी बारीक झालेली, केस सगळे पांढरे. बाळ तिच्या छातीवर पालथं पडलं होतं, एक कान नेमका तिच्या बरगड्यांवर. ती गुणगुणत होती. शब्द नव्हते, वरची चाल नव्हती, नुसती आमच्या गाण्यातली खालची ओळ, जी एकटी ऐकली तर कुणाला गाणं आहे असं वाटणारही नाही. तिच्या प्रत्येक स्वराबरोबर बाळाची पाठ किंचित थरथरत होती.

मला फार बरं वाटलं. मधली ओळ मला अजून पाठ होती. मी सूर धरून तोंड उघडलं.

अंबक्कानं न बघताच हात वर करून मला थांबवलं. मग डोळे उघडून तिनं मला ओळखलं, हसली, आणि बोट बाळाकडे दाखवून पुन्हा डोळे मिटले. बाळाला नुकतीच झोप लागली होती. मी उंबऱ्यावर बसले आणि ऐकत राहिले.